अर्धी पट्टी उतरलेला पियानो आणि बाखचे तीन कोराल: भुसावळचं एक प्रकरण

प्रसंग

मार्चच्या अखेरीस भुसावळमधल्या एका शाळेच्या प्रार्थना-सभागृहात बाखच्या जन्मदिनानिमित्त तासाभराचं पियानोवादन ठरलं. संगीतकार बाख जन्मला १६८५ साली, जर्मनीतल्या आयसेनाखला. तिथल्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे ती तारीख २१ मार्च, आजच्या कॅलेंडरप्रमाणे ३१ मार्च. यातली कुठलीही धरली तरी खानदेशात तोवर ऊन चाळिशीला टेकायला लागलेलं असतं, आणि ही गोष्ट या प्रकरणात बाखइतकीच महत्त्वाची ठरली.

वाजवणारी माझी विद्यार्थिनी, मूळची जळगावची, आता पुण्यात शिकते. वाद्य म्हणजे सभागृहात वर्षानुवर्षं पडून असलेला जुना अपराइट, म्हणजे उभ्या तारांचा, पियानो. ऐकणारे कोण असणार याचाही अंदाज होता: रेल्वेतून निवृत्त झालेली मंडळी, चर्चला नियमाने जाणारी काही कुटुंबं, शाळेतले शिक्षक, आणि भजनी मंडळातले काही जण, कारण आयोजकांपैकी एक स्वतः तिथे टाळ धरतात.

आयोजकांची मागणी साधी होती. बाख म्हणजे ऑर्गन, तेव्हा ऑर्गनचंच काहीतरी हवं, आणि ती डी मायनरमधली प्रसिद्ध तोकाता, म्हणजे बोटांची सफाई दाखवणारी मोकळी रचना, तर हवीच. पाइप ऑर्गन हाताशी नव्हता. म्हणजे मूळ ऑर्गनसाठी लिहिलेलं आणि नंतर पियानोसाठी रूपांतरित केलेलं संगीत निवडायचं होतं. अशा रूपांतरांचा तुटवडा नाही. पियानोवादक-संगीतकार लिस्टने बाखच्या सहा प्रिल्यूड-फ्यूगांची (आधी प्रस्तावनेचा तुकडा, मग एकाच धूनीचा अनेक ओळींत पाठलाग) रूपांतरं केली, ती १८५२ साली छापली गेली. टाउसिग आणि बुसोनी या दोघा पियानोवादकांनीही डी मायनर तोकाता पियानोवर आणली. बाखच्या दहा कोराल प्रिल्यूडांची, म्हणजे चर्चगीताच्या (कोरालच्या) चालीवरच्या ऑर्गन-रचनांची, बुसोनीने केलेली रूपांतरं १८९८ साली निघाली. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हने बुक्स्टेहुड या ऑर्गनवादकाचा एक प्रिल्यूड-फ्यूग पियानोसाठी बसवला. हा तोच बुक्स्टेहुड, ज्याला ऐकायला विशीतला बाख १७०५ साली आर्नश्टाटहून ल्युबेकला, सुमारे चारशे किलोमीटर, पायी गेल्याचं सांगतात. अंतर समजायला म्हणून: भुसावळहून निघून रुळांच्या कडेने चालत जवळजवळ मुंबई गाठायची.

तोकाता का नको

तिला तोकाता वाजवायची होती, हे आधी नमूद करतो. बोटं तेवढी तयार आहेत आणि बुसोनीचं रूपांतर तिने बसवलेलंही होतं.

"सर, ते नसेल तर लोक हिरमुसतील."

"सुरुवातीचा तो साठत जाणारा झंकार वाजव या पियानोवर. मग तूच सांग."

तोकातेची सुरुवात सगळ्यांच्या कानावरून गेलेली असते: वरच्या सप्तकातली ती छोटी थरथर, मग खाली घसरत येणारे स्वर. खरी मजा त्यानंतर आहे. पायाच्या पट्ट्यांवर खालचा डी धरलेला असतो आणि त्यावर सी-शार्प, ई, जी, बी-फ्लॅट असे एकेक स्वर चढत जातात. ऑर्गनवर आधी दाबलेला प्रत्येक स्वर पट्टीवर बोट आहे तोवर तेवढ्याच जोराने वाजत राहतो, त्यामुळे शेवटचा स्वर येईपर्यंत चर्चभर एक प्रचंड, न सुटलेला ताण उभा राहतो. पियानोत हातोडी तारेवर आपटली की त्या क्षणापासून आवाज फक्त कमी होत जातो. चांगल्या मोठ्या ग्रँडवर, म्हणजे आडव्या पियानोवर, हे झाकता येतं. आमच्या अपराइटवर वरचा सी-शार्प येईपर्यंत खालचा डी निम्म्याहून जास्त विरलेला होता, आणि पेडल दाबून धरलं तर ताणाऐवजी नुसता गलबला होत होता.

तिने दोनदा वाजवलं. तिसऱ्यांदा हात उचलून मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "हे नको."

यात जोराचा प्रश्न दुय्यम आहे. पाइप ऑर्गनवर एक पट्टी दाबली की एकच नळी वाजते असं नाही. एका जातीच्या आवाजाच्या नळ्यांच्या संचाला स्टॉप म्हणतात; आठ फुटी म्हणतात त्या स्टॉपमधली सगळ्यात लांब उघडी नळी सुमारे आठ फुटांची असते आणि ती लिहिलेलाच स्वर देते. सोळा फुटी स्टॉप जोडला की त्याखालचं सप्तक येतं, चार फुटी जोडला की वरचं. एका बोटाला तीन-तीन सप्तकं लागतात. बुसोनीने तोकातेच्या रूपांतरात हात भरभरून सप्तकं लिहिली ती हा भरणा उभा करण्यासाठी. म्हणजे ते रूपांतर मोठ्या मैफिलीच्या पियानोवर उभं आहे. वाद्य लहान आणि थकलेलं असेल तर सप्तकांची ती सगळी मेहनत ठोकाठोकीसारखी ऐकू येते.

उलट दहा कोरालांच्या मुखपृष्ठावर बुसोनीनेच ही रूपांतरं चेंबर शैलीतली असल्याचं छापलं आहे. दिवाणखान्यात, जवळ बसलेल्यांसाठी. आमच्या सभागृहाला ते चपखल बसत होतं. त्यातले तीन ठरले: 'वाखेत आउफ' (बीडब्ल्यूव्ही, म्हणजे बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक, ६४५), 'नुन कॉम, देर हायडन हायलांट' (६५९) आणि 'इश रूफ त्सु दिर' (६३९). बाकीच्या वेळात मूळ पियानोसदृश वाद्यांसाठीच लिहिलेला बाख. त्याबद्दल इथे सांगण्यासारखं काही नाही, तो नीट वाजला.

वाद्याची तब्येत

ट्यूनर पुण्याहून आले. त्यांनी झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि पहिलं वाक्य बोलले, "ताई, हा अर्धी पट्टी उतरलाय." अर्धी पट्टी म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांचा ए हा स्वर साधारण ४२८वर. कारण सरळ आहे. कोरड्या हवेत नादफळी, म्हणजे तारांमागची लाकडी फळी, आकसते, तिचा फुगवटा बसतो आणि तारांचा ताण कमी होतो. इथली हवा उन्हाळ्यात किती कोरडी असते ते ओठांना विचारावं. एवढा उतरलेला पियानो एका बैठकीत वर ओढायचा म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास तारा, सगळ्यांचा मिळून कित्येक टनांचा ताण, आणि त्यातल्या जुन्या तारा तुटायची भीती. शिवाय ओढलेला सूर चार दिवसांत पुन्हा घसरणार. त्यांनी पियानो आहे त्याच पट्टीवर, आपल्याआपल्यात सुरेल करून दिला. एकट्या वाजणाऱ्या वाद्याला तेवढं पुरे.

यावर कुणीतरी म्हणालं की बाखच्या काळी पट्टी खालीच होती, मग उलट बरंच झालं. तसं नाही. खालच्या पट्टीची गोष्ट प्रामुख्याने दरबारी आणि घरगुती वादनाची. जर्मन चर्चमधले ऑर्गन बहुधा आजच्यापेक्षा चढे लावलेले असत.

दुसरी अडचण कूलरची. सभागृहात पियानोच्या अगदी बगलेत भलामोठा पत्र्याचा कूलर होता, वाळ्याच्या ताट्या लावलेला. एका बाजूने कोरडी हवा पियानो सुकवणार आणि दुसऱ्या बाजूने हा ओला झोत मारणार. पट्ट्यांच्या आतलं नमदं ओलसर हवेने फुगतं आणि पट्टी दाबली की वर यायला कुरकुरते. मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या तशा अडकतच होत्या. कूलर मागच्या दाराशी हलवला, तेव्हा त्या सुटल्या. आवाजाचा प्रश्न मात्र राहिला, त्याबद्दल पुढे.

खर्जातल्या तांब्याचं वेष्टण असलेल्या दोन तारा बोथट झाल्या होत्या. त्यांचा सूर बरोबर होता, पण त्यात झंकार उरला नव्हता. ट्यूनर म्हणाले, बदलल्याशिवाय काही होणार नाही, आणि बदलायला वेळ नव्हता.

पेटीचा प्रस्ताव

भजनी मंडळातले पेटीवाले बुवा एका सकाळी तालमीला येऊन बसले. ६३९ ऐकून त्यांनी थेट तोडगा काढला.

"वरची चाल मी धरतो ना भो. तुमचा सूर मरून जातो. माझा हवा आहे तोवर हलत नाही."

प्रस्ताव हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पेटीत भाता आहे, ऑर्गनमध्येही भाता आहे. बाखच्या काळी ऑर्गनच्या मागे माणसं उभी राहून भाते हाकायची. धरलेला सूर आपल्याकडच्या कानाला घरचा वाटतो, नाट्यसंगीतात पायपेटीच्या साथीने तो आणखी मुरला. मूळ रचनेतला कोरालचा स्वर पेटीवर आणि उरलेल्या दोन ओळी पियानोवर, ही वाटणी कागदावर तर मूळ ऑर्गनला बुसोनीपेक्षाही जवळची होती.

करून पाहिलं. बुवांनी सूर लावला, तिने तोच स्वर पियानोवर दिला, आणि दोघांच्या मध्ये तो हेलकावायला लागला. पियानो अर्धी पट्टी खाली, पेटी कारखान्यातून आली त्या पट्टीवर. स्केल चेंजर पेटी असती तरी ती सरकते पूर्ण पट्टीने, अर्धी पट्टी सरकायची सोय तिच्यात नसते. बुवांनी स्वतःच भाता मिटला. "नाही जमत. हा मधेच लटकलाय."

पट्टी जुळली असती तरी मी हो म्हटलं असतं का? बहुतेक नाही. पेटी आली की पियानो साथीला जातो, आणि मरत जाणाऱ्या स्वरांतून गाणारी ओळ कशी काढायची हा सगळा प्रश्नच बाजूला पडतो. रूपांतर वाजवण्यात रस घ्यावा असं जे काही आहे ते त्या प्रश्नातच आहे. पण तो निर्णय घ्यायची वेळ आली नाही, हेही खरं.

तीन ओळी

'इश रूफ त्सु दिर' ही बाखच्या 'ओर्गेलब्युशलाइन' या संग्रहातली रचना. संग्रह मुख्यतः वायमारच्या काळातला, म्हणजे १७०८ ते १७१७ दरम्यानचा. १६४ कोरालांची आखणी होती, पूर्ण झाले ४६. त्यातल्या बऱ्याच रचना चार ओळींच्या आहेत, ही तीनच ओळींची. वर कोरालची चाल, थोड्या अलंकारांसह, एका मात्रेला साधारण एक स्वर. खाली पायांनी वाजवायची खर्जाची ओळ, मात्रेला दोन. मध्ये अखंड वाहणारी ओळ, मात्रेला चार. बराबर, दुगुन, चौगुन एकाच वेळी. भजनी मंडळींना ही रचना एवढ्यावरच कळली, जर्मन शब्दांची गरज पडली नाही.

ऑर्गनवर या तीन ओळी आपोआप वेगळ्या राहतात: दोन हात दोन वेगळ्या कीबोर्डवर, पाय तिसऱ्यावर, आणि प्रत्येकाला वेगळा स्टॉप, म्हणजे वेगळा आवाज. पियानोवर तिन्हींचा आवाज एकच. वेगळेपणा फक्त बोटांच्या वजनातून आणायचा. तालमीचा बहुतेक वेळ इथेच गेला.

आधी वरची चाल तिने एकटी वाजवली, गाऊन वाजवली. मग चाल आणि खर्ज, मधली ओळ गाळून. या दोघांमध्येच सगळी सुरावट उभी राहते, आणि ती उभी राहिली नाही तर मधल्या ओळीने काही वाचत नाही. मधली ओळ नंतर, पेडलशिवाय, इतकी हलकी की काही स्वर लागायचेच नाहीत. ते चुकणारे स्वर मी चालू दिले. त्या टोकाला जाऊन परत येणं सोपं असतं, मोठ्याकडून लहानाकडे येणं कठीण. उजव्या हाताच्या करंगळीच्या बाजूला वजन आणि त्याच हाताचा अंगठा जवळजवळ बिनवजनाचा, हे एका दिवसात येत नाही. तिला आधीपासून थोडं येत होतं म्हणून हा तुकडा निवडता आला.

मग लय. बाखने लय लिहिलेली नाही. मोठमोठे वादक हा तुकडा फार संथ वाजवतात, मेट्रोनोमच्या चाळिशीच्या (मिनिटाला चाळीस मात्रा) आसपास, आणि तिलाही तसंच आवडायचं. चाळीसला एक मात्रा दीड सेकंदाची. या पियानोच्या वरच्या सप्तकात तेवढ्या वेळात स्वर मधल्या ओळीखाली बुडत होता, आणि ऐकणाऱ्याला चाल म्हणून सुटे सुटे ठिपके मिळत होते. मोबाइल शेवटच्या बाकावर ठेवून वेगवेगळ्या लयीत रेकॉर्ड केलं. बावन्नला मात्रा सव्वा सेकंदाच्या आत येते, आणि तिथे चाल धरली जाऊ लागली. तिला ती घाई वाटली. मला वाटत नाही. लय कलावंताच्या मनोवृत्तीवरून ठरवायची चैन भल्या वाद्यावर करता येते. इथे पियानोचा नाद किती वेळ टिकतो ते मोजून लय घ्यावी लागली, आणि रूपांतराच्या बाबतीत मला तेच जास्त प्रामाणिक वाटतं.

आणखी एक गोष्ट, जी बोटांना नाही, कानाला शिकवावी लागते. पुढचा स्वर मागच्या स्वराच्या सुरुवातीच्या जोराने टाकला तर प्रत्येक स्वर नव्याने आपटल्यासारखा वाटतो. मागचा स्वर विरत विरत जिथे आला असेल, तिथून पुढचा उचलायचा. म्हणजे स्वर वाजवताना आधीचा स्वर शेवटपर्यंत ऐकत राहायचा. असे तीन-चार स्वर जुळले की कानाला खोटंच पण अखंड गाणं ऐकू येतं. मग जिथे चालीला श्वास घ्यायचा आहे तिथेच नवा जोर द्यायचा. अलंकारांचाही इथे उपयोग होतो: लांब स्वरावरची थरथर विरत चाललेल्या नादाला पुन्हा जिवंत करते.

पेडलबद्दल थोडक्यात. अपराइटमध्ये तारांचा नाद थांबवणाऱ्या दाबपट्ट्या स्प्रिंगच्या जोरावर तारांवर टेकतात, ग्रँडसारख्या स्वतःच्या वजनाने वरून पडत नाहीत, त्यामुळे अर्धं पेडल म्हणतात ते इथे नीट सापडत नाही. एक तर ओलं, नाही तर कोरडं. तिने प्रत्येक मात्रेच्या खर्जाबरोबर पेडल बदललं आणि मधल्या ओळीतले काही स्वर बोटांनीच धरून ठेवले. मधलं पेडल कुणाला मोहात पाडेल, पण बऱ्याच अपराइटमध्ये असतं तसं इथेही ते नुसतं घरच्या सरावासाठी नमदं आडवं करणारं होतं.

खर्ज सप्तकात दुहेरी करायचा का, यावर मतभेद झाला. ऑर्गनवर सोळा फुटी स्टॉप असता तर तो दुहेरी वाजलाच असता, हे तिचं म्हणणं. बरोबर आहे. पण खालच्या त्या दोन बोथट तारा प्रत्येक वेळी ठप्प आवाज देऊन चालीचं लक्ष खेचत होत्या. शेवटी ओळींच्या समेला तेवढा दुहेरी, बाकी एकेरी, असं ठरलं.

प्रत्यक्ष कार्यक्रम

रात्री आठला सुरुवात झाली, तरी भिंती तापलेल्याच होत्या. कूलर चालू ठेवून सुरुवात केली.

'वाखेत आउफ' अर्धाच पोचला. वरची खेळकर ओळ छान वाजली, पण कोरालची मूळ धून त्यात मधल्या उंचीवर येते आणि बरीचशी डाव्या हाताकडेच पडते. ऑर्गनवाला ती धून खणखणीत वेगळ्या स्टॉपवर घेतो, तिला दुसऱ्या कशाशी झगडावं लागत नाही. या पियानोचा तोच भाग सगळ्यात घुमणारा. पहिल्या ओळीला धून ऐकू आली, मग ती खर्जात मिसळली. शिवाय कूलरची घरघर नेमकी त्याच उंचीची.

तोकातेचा निदान एक तुकडा ऐकवण्याचा आयोजकांना दिलेला शब्द तिने त्यानंतर पाळला. तोकातेचा तो साठणारा झंकार वाजवून दाखवला, आणि पियानोवर तो का साठत नाही हे चार वाक्यांत सांगितलं. संध्याकाळची सगळ्यात मोठी टाळी तिथे पडली. आयोजक मिनिटभराच्या तोकातेवर खूश झाले, मला थोडं हसू आलं.

६३९च्या आधी तिने स्वतः उठून कूलर बंद करायला सांगितलं. पंखेही. कुणी कुरकुर केली नाही. चाल शेवटच्या बाकापर्यंत पोचली, हे रेकॉर्डिंगवर तपासता आलं. पहिल्या भागाच्या पुनरावृत्तीला मधली ओळ तिने आणखी मागे नेली, तिथे तर अपराइटचा हा आवाज आहे यावर विश्वास बसत नव्हता. यार्डातून इंजिनाचा भोंगा दोनदा वाजला. भुसावळात हे धरूनच चालावं लागतं.

कार्यक्रमानंतरचं बोलणं दोन टोकांचं. बुवांचं मत: "मधली चौगुन चालू होती, पण चाल कुठे सुटली नाही." चर्चमध्ये वर्षानुवर्षं कीबोर्ड वाजवलेल्या एका गृहस्थांना मात्र ते फार हळवं वाटलं. बाखच्या ऑर्गनवर एकाच ओळीत असा चढउतार करताच येत नव्हता, मग पियानोवर का करायचा? आक्षेप खरा आहे. पट्टी जोरात दाबली म्हणून नळी मोठ्याने वाजत नाही. ऑर्गनवादक भर देतो तो स्वराआधी किंचित थांबून, किंवा आधीचा स्वर लवकर सोडून. पण पियानोवर चढउतार टाळायचा म्हटलं तर प्रत्येक स्वर स्वतःच उतरत असतो. सपाट वाजवलं की ऑर्गन होत नाही, नुसतं सपाट होतं. शेवटच्या ओळीत तिने जो फुगवटा दिला तो मात्र मलाही जास्त वाटला, आणि तो तालमीत नव्हता. तिच्या मते तो हवाच होता. यावर आमचं अजून एकमत नाही.

त्यानंतर

जुलैत पाऊस लागल्यावर शाळेतून निरोप आला की पियानो बेसूर झाला. अपेक्षितच होतं. दमट हवेत फळी फुगते आणि सूर चढतो, पण सगळीकडे सारखा नाही, मधल्या भागात जास्त. ट्यूनरना आता दिवाळीनंतर बोलावायचं, खर्जाच्या त्या दोन तारा बदलायच्या, आणि दोन-तीन खेपांत हळूहळू पट्टी ४४०पर्यंत न्यायची असं ठरलंय. पुढचा कार्यक्रम जानेवारीत, बाखच्या वाढदिवसाचं निमित्त सोडून. तिला लिस्टच्या रूपांतरातला ए मायनरचा फ्यूग (५४३) वाजवायचा आहे. त्यात पायांची ओळ सगळी डाव्या हातात येते आणि शेवटाकडे ती एकटीच धावत सुटते, म्हणजे नव्या तारांची परीक्षा तिथेच होईल. बुवांनी तोवर पट्टी जुळली तर पेटी घेऊन येतो असं बजावून ठेवलंय.